स्पोर्ट्स मॅनेजमेंट शिकायला परदेशात जायचंय? आधी जामठ्याची ती आठ ओव्हरची मॅच समजून घ्या

परवा संध्याकाळी नागपूरच्या त्रिमूर्ती नगरातल्या आमच्या शेजारच्या काकू घरी आल्या, सोबत त्यांचा मुलगा, बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे. बसल्या बसल्या काकूंनी थेट विचारलं, "अगं, हा स्पोर्ट्स मॅनेजमेंट करायला इंग्लंडला जातो म्हणून राहिला, ते काय असतं बाप्पा? खेळायचं असतं का शिकवायचं?" आणि तो मधेच, "आई, त्याच्यानं आयपीएलमधे जॉब लागतो." मी हाच कोर्स इंग्लंडमधून करून आले म्हणून हे प्रश्न माझ्याकडे येतात, दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी विचारतंच. तर एकदा सगळं नीट लिहून टाकते, कारण काकूंचा प्रश्न एकदम बरोबर होता आणि मुलाचं उत्तर अर्धवट होतं, आणि त्या अर्धवट उत्तराच्या भरवशावर घरं तीस-पस्तीस लाखांचं लोन काढतात.

सुरुवात जामठ्यापासून, म्हणजे नागपूरच्या क्रिकेट स्टेडियमपासून करते. २३ सप्टेंबर २०२२, भारत-ऑस्ट्रेलिया टी-ट्वेंटी, मी स्टँडमधे होते. मॅच सातची, पण आधीच्या पावसानं आउटफिल्ड ओलं, अंपायर येऊन राहिले, बुटानं गवत दाबून बघून राहिले, परत जाऊन राहिले, लोकं ओरडून ओरडून थकले, शेवटी साडेनऊला मॅच सुरू झाली ती वीसच्या जागी आठ-आठ ओव्हरची. ऑस्ट्रेलियानं ९० केले, रोहित शर्मानं २० बॉलमधे नाबाद ४६ ठोकले, आपण जिंकलो. क्रिकेटची गोष्ट एवढीच.

आता तीच संध्याकाळ पैशाच्या बाजूनं बघा. टीव्हीवाल्यांनी ४० ओव्हर धरून जाहिरातीचा वेळ ठरवलेला, मिळाल्या त्यातल्या जेमतेम १६, मग उरलेल्या जाहिरातींचं काय करायचं? बाहेरगावाहून तिकीट काढून आलेल्या माणसाला काही परत द्यायचं का, आणि नाही द्यायचं तर तिकिटाच्या मागे बारीक अक्षरात काय लिहिलेलं असावं लागतं? अडीच तास हजारो लोकं नुसते बसून आहेत, पाणी पुरलं पाहिजे, बाथरूम पुरले पाहिजेत, कोणी चिडून बाटल्या फेकायला नको, दर पंधरा मिनिटांनी माइकवर कोण काय सांगणार? मॅच रात्री अकराच्या आसपास संपणार तर वर्धा रोडवरची गर्दी आणि खापरीच्या मेट्रोचं कसं? स्टँडमधे फुकट पास देऊन बसवलेले स्पॉन्सरचे पाहुणे कंटाळून निघून गेले तर पुढच्या वर्षी तो स्पॉन्सर येईल का? यातल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देणं ही कोणाची तरी नोकरी असते. स्पोर्ट्स मॅनेजमेंटचा कोर्स म्हणजे त्या नोकऱ्यांचं शिक्षण. बॅट-बॉलला तुम्ही हात लावत नाही.

हे वाचून जर तुमचा उत्साह वाढला असेल तर पुढे वाचा, आणि जर वाटलं की मला तर फक्त मॅच बघायला आवडते, तर तेही काही वाईट नाही, पण मग पैसे वाचवा.

आता लोकं विचारतात की साधं एमबीए करून हे जमत नाही का, वेगळा कोर्स कशाला. फरक आहे, आणि तो समजला की अर्धा अभ्यासक्रम समजला म्हणून समजा. इतवारीत किराण्याचं दुकान असेल तर शेजारचं दुकान बंद पडलं की आपला धंदा वाढतो. खेळात उलटं आहे. मुंबईची टीम एकटी मैदानात उतरून काय विकणार, समोर चेन्नई पाहिजे, आणि नुसती पाहिजे नाही तर तगडी पाहिजे, कारण कोण जिंकणार हे आधीच माहीत असेल तर दोन-चार वर्षांनी कोणी बघणार नाही. म्हणून लीगला स्वतःच्याच टीमांना बरोबरीत ठेवावं लागतं. आयपीएलच्या २०२५ च्या मोठ्या लिलावात प्रत्येक टीमला खर्चाची मर्यादा १२० कोटी होती, मालक कितीही श्रीमंत असो. अमेरिकेत शेवटच्या नंबरच्या टीमला नवीन खेळाडू निवडायची संधी आधी मिळते. इंग्लिश प्रीमियर लीग देशातल्या टीव्हीच्या पैशातला अर्धा भाग सगळ्या क्लबांना सारखा वाटते, पाव भाग नंबरानुसार आणि पाव भाग कोणाच्या किती मॅच टीव्हीवर दाखवल्या त्यानुसार. जर्मनीत तर साधारण नियम असा की क्लबमधली मताधिकाराची बहुमताची सत्ता सभासदांकडेच राहिली पाहिजे, बाहेरचा पैसेवाला येऊन सगळं विकत घेऊ शकत नाही. एकाच प्रश्नाची ही चार देशांची चार उत्तरं, आणि वर्गात यावर तासन्‌तास वाद होतात, मला सगळ्यात जास्त मजा याच विषयात आली.

दुसरा फरक, माल टिकत नाही. कळमन्याच्या मार्केटमधे संत्री आज नाही विकली तर उद्या कमी भावात तरी जातात, पण मॅच संपल्यावर रिकाम्या खुर्चीची किंमत शून्य. फेब्रुवारी २०२३ ची जामठ्याची ऑस्ट्रेलियाविरुद्धची टेस्ट आठवते ना, आपण एक डाव आणि १३२ रनांनी जिंकलो, तिसऱ्याच दिवशी. देश खूश. पण तयारी पाच दिवसांची असते, स्टॉलवाल्याचा माल पाच दिवसांचा, बंदोबस्त पाच दिवसांचा, टीव्हीचा वेळ पाच दिवसांचा. म्हणजे या धंद्यात माल जितका चांगला तितकी विक्री कमी असंही होऊ शकतं, असा दुसरा धंदा मला तरी माहीत नाही.

तिसरं म्हणजे पैसा स्टेडियममधे न आलेल्या माणसाकडून येतो. आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे प्रसारण हक्क ४८,३९० कोटींना गेले, ४१० मॅच धरल्या तर एका मॅचमागे साधारण ११८ कोटी. जामठ्याचं स्टेडियम ४५ हजारांच्या आसपासचं, ते पूर्ण भरलं आणि प्रत्येकानं दोन हजाराचं तिकीट घेतलं असं धरा, तरी ९ कोटी होतात. मग गर्दी कशाला पाहिजे? कारण रिकाम्या स्टँडसमोरची मॅच टीव्हीवरही बघवत नाही, कोविडच्या काळात सगळ्यांनी अनुभवलंय. प्रेक्षक एकाच वेळी गिऱ्हाईकही आहे आणि मालाचा भागही.

आणि चौथं, हा पैसा कायद्याच्या एका फटक्यात हलतो. ऑगस्ट २०२५ मधे पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा आला आणि भारतीय टीमच्या जर्सीवरून ड्रीम इलेव्हनचं नाव गेलं, आशिया कप आपण जर्सीवर स्पॉन्सर नसतानाच खेळलो, मग अपोलो टायर्स आलं. म्हणून कोर्समधे कायदा, अकाउंट्स, मार्केटिंग, स्टेडियम आणि इव्हेंटचं कामकाज, आकडेवारी आणि खेळाच्या संघटना कशा चालतात हे सगळं थोडं थोडं असतं. यातलं कशात तरी एकात पक्कं व्हायचं हे तुम्हालाच ठरवावं लागतं, कोर्स ठरवून देत नाही.

ही पदवी तशी जुनी आहे. १९५० च्या दशकात ब्रुकलिन डॉजर्स या बेसबॉल टीमचे मालक वॉल्टर ओमॅली यांनी जेम्स मेसन नावाच्या प्राध्यापकांना विचारलं होतं की टीम चालवणारा शिकलेला माणूस कुठे मिळेल, त्यातून १९६६ मधे ओहायो युनिव्हर्सिटीत पहिला मास्टर्स सुरू झाला. म्हणजे मालकाला माणूस पाहिजे होता म्हणून कोर्स निघाला. कोर्स निवडताना हेच उलटं विचारा, इथल्या मुलांना कोणता मालक घेतो?

आता देश. इंग्लंडमधे लफबरो हे या विषयाचं मोठं नाव, क्यूएस म्हणून युनिव्हर्सिट्यांचं जागतिक रँकिंग निघतं, त्याच्या खेळाच्या विषयाच्या यादीत बरीच वर्षं पहिला नंबर, त्यांचा एक कॅम्पस तर लंडनच्या ऑलिंपिक पार्कातच आहे. फिफा मास्टर म्हणून एक कोर्स आहे तो इंग्लंड, इटली आणि स्वित्झर्लंड अशा तीन देशांत मिळून होतो, अ‍ॅडमिशन फार अवघड. स्वित्झर्लंडमधलं लोझान म्हणजे तर आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं गाव, ज्यांना संघटनांमधे काम करायचंय त्यांनी तिकडे बघावं, पण फ्रेंच येत असलं तर बरं. स्पेनमधे आणि जर्मनीतही चांगले कोर्स आहेत, तिथे शिकवणं इंग्रजीत मिळालं तरी क्लबमधलं काम त्यांच्या भाषेत चालतं हे लक्षात ठेवा. ऑस्ट्रेलियात मेलबर्न हे खेळवेडं शहर, शिवाय २०३२ चं ऑलिंपिक ब्रिस्बेनला आहे, शिकताना पंधरवड्याला ४८ तास काम करता येतं.

अमेरिकेचं एक सांगते जे कन्सल्टंट सहसा सांगत नाहीत. तिथे पदवीनंतर साधारण १२ महिने काम करायची परवानगी मिळते आणि विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीतल्या कोर्सला आणखी २४ महिने. साधं स्पोर्ट मॅनेजमेंट त्या यादीत बसत नाही. त्यामुळे दोन कोर्सची नावं जवळजवळ सारखी असली तरी एकाला एक वर्ष आणि दुसऱ्याला, ज्यात डेटा अ‍ॅनालिटिक्सचा भाग मोठा आहे, तीन वर्षं असं होऊ शकतं. कोर्सचा सरकारी कोड काय आहे हे युनिव्हर्सिटीला ईमेल करून विचारा, लाज वाटून घेऊ नका.

इंग्लंडबद्दल मी जास्त सांगू शकते कारण ते मी भोगलंय. तिकडे स्टुडंट व्हिसावर शिकताना आठवड्याला २० तास काम चालतं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच व्हिसावर प्रोफेशनल खेळाडू किंवा स्पोर्ट्स कोच म्हणून काम करायला मनाई आहे, आणि स्वतःचा धंदा करायलाही. आपली मुलं काय करतात, इथे विदर्भाच्या अंडर-नाइन्टीन कॅम्पपर्यंत खेळलेली असतात, म्हणतात तिकडे जाऊन लहान मुलांना कोचिंग करीन, खर्च निघेल. नाही निघणार, उलट व्हिसा जाईल. माझ्यासोबतच्या एका मुलाला क्लबनं शनिवारी मुलांना शिकवायला बोलावलं होतं, त्यानं जायच्या आधी युनिव्हर्सिटीच्या व्हिसा ऑफिसमधे विचारलं म्हणून वाचला. तिकीट खिडकी, मॅचच्या दिवशीचं हॉस्पिटॅलिटी, दुकान, सोशल मीडिया, ऑफिसचं काम, हे चालतं. फुकटची इंटर्नशिप असली तरी ती बहुतेक वेळा त्या २० तासांतच मोजली जाते, पगार नाही म्हणून काम नाही असं नसतं.

मग एक कॅलेंडरचा घोळ. मास्टर्स सप्टेंबरला सुरू होतं, फुटबॉलचा सीझन ऑगस्टला. म्हणजे तुम्ही बॅगा उघडेपर्यंत क्लबांनी सीझनची माणसं घेऊन झालेली असतात. मी ऑक्टोबरमधे अर्ज करायला लागले आणि जानेवारीपर्यंत एकही शिफ्ट मिळाली नाही, ते चार महिने फार जड गेले. तुम्ही जून-जुलैमधे नागपुरातूनच अर्ज पाठवायला लागा, कधी पोचणार ती तारीख लिहून. आणि उन्हाळ्याचं उलटं, जूनपासून वर्ग संपतात, क्रिकेटचा सीझन जोरात असतो, वाटतं की आता सुट्टी आहे तर पूर्णवेळ काम करू. मास्टर्सच्या मुलांसाठी ती सुट्टी नसते, प्रबंधाचा काळ असतो, २० तासांची मर्यादा तशीच असते. हे मला जूनमधे कळलं.

शिकून झाल्यावर ग्रॅज्युएट व्हिसा सध्या दोन वर्षांचा आहे, पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या मास्टर्सवाल्यांना तो १८ महिन्यांचाच मिळणार आहे. त्यानंतर राहायचं तर कंपनीनं स्पॉन्सर करावं लागतं आणि त्यासाठी पगाराची सर्वसाधारण अट जुलै २०२५ पासून वर्षाला ४१,७०० पौंड, नवख्यांना काही सवलतीनं ३३,४०० पौंड. क्लबातल्या सुरुवातीच्या नोकऱ्यांचे पगार बरेचदा याच्याही खाली असतात, कारण खेळात काम करायला लोकं कमी पगारावरही तयार असतात. हे कटू आहे पण जायच्या आधी घरी सांगा, आईबाबांना "तिकडेच सेटल होईन" असं सांगून जाऊ नका.

पैशाचं बघू. फी बहुतेक ठिकाणी वीस ते तीस हजार पौंडांच्या मधे कुठेतरी असते. राहण्याचे म्हणून बँकेत सलग २८ दिवस दाखवायचे पैसे लंडनसाठी महिन्याला १,५२९ आणि बाहेर १,१७१ पौंड, नऊ महिन्यांचे, म्हणजे लंडनबाहेर १०,५३९ पौंड. आरोग्याचा सरचार्ज वर्षाला ७७६, पण व्हिसा कोर्सपेक्षा चार महिने जास्तीचा मिळतो म्हणून एका वर्षाच्या कोर्सलाही दीड वर्षाचा धरून १,१६४ पौंड पडतो, कित्येकांच्या बजेटमधे हा आकडा चुकलेला असतो. टीबीची टेस्ट वेगळी. बायको किंवा नवरा सोबत नेता येत नाही, २०२४ पासून वर्गात शिकायच्या (रिसर्च नसलेल्या) मास्टर्सना ते बंद आहे.

स्कॉलरशिपमधे एक अडचण या विषयाची खास आहे. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती फार मोठा आधार आहे, पण तिला युनिव्हर्सिटीच्या एकूण जागतिक रँकिंगची अट असते, अलीकडे ती क्यूएसच्या पहिल्या २०० ची होती. आता गंमत बघा, लफबरो खेळाच्या विषयात जगात पहिलं, पण एकूण यादीत दोनशेच्या बाहेर. म्हणजे विषयासाठी सगळ्यात चांगली जागा शिष्यवृत्तीत बसत नाही. फुटबॉल क्लबांशी जोडलेल्या छोट्या खास संस्थांचंही तेच. शिष्यवृत्ती पाहिजे असेल तर आधी त्या वर्षाची जाहिरात वाचा आणि मग युनिव्हर्सिटी शोधा, उलटं करू नका.

आणि कन्सल्टंट. मला एका ऑफिसमधे सांगितलं होतं की हा कोर्स केला की आयपीएल पक्कं. युनिव्हर्सिट्या पाठवलेल्या मुलामागे एजंटला कमिशन देतात, त्यामुळे त्याच्या यादीत कोणत्या युनिव्हर्सिट्या आहेत आणि कोणत्या नाहीत हे त्यावरूनही ठरतं. त्याला एकच विचारा, "गेल्या वर्षी या कोर्सला गेलेल्या दोन मुलांशी बोलायला मिळेल का?"

मग जायचंच नाही का? जायचं, पण काहीतरी करून जायचं. काकूंच्या मुलाला मी हेच सांगितलं. नागपूर यासाठी खरंच चांगलं गाव आहे. विदर्भानं तीन वेळा रणजी जिंकली, २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५, शेवटची फायनल जामठ्यालाच झाली, दिव्या देशमुखनं २०२५ चा महिला बुद्धिबळ वर्ल्ड कप जिंकला, दर वर्षी खासदार क्रीडा महोत्सवात कित्येक खेळांच्या स्पर्धा गावभर चालतात, मानकापूरच्या क्रीडा संकुलात काही ना काही चालूच असतं. या सगळ्यात रजिस्ट्रेशन टेबलावर, ड्रॉ लावायला, स्पॉन्सरचे बॅनर मोजायला माणसं लागतात. मोठं काही मिळालं नाही तर घराजवळच्या बॉक्स क्रिकेटच्या टर्फवाल्याकडे जा, त्याचे मंगळवारी दुपारचे स्लॉट रिकामे का जातात आणि भाव किती कमी केला तर भरतात याची तीन महिन्यांची वही ठेवा. इंग्लंडमधे आम्हाला तिकिटांच्या बदलत्या किमतींवर जे शिकवलं ते यापेक्षा फार वेगळं नव्हतं, फक्त आकडे मोठे होते.

याचा दुसरा फायदा अर्जात होतो. अर्जासोबतच्या पत्रात जवळजवळ प्रत्येक जण लिहितो की मला लहानपणापासून क्रिकेटचं वेड आहे. मी जामठ्याच्या त्या अडीच तासांबद्दल लिहिलं होतं, माइकवर काहीच न सांगितल्यामुळे आमच्या स्टँडमधे काय काय झालं आणि मी असते तर काय केलं असतं. पहिल्याच आठवड्यात आमचे सर तेच आठवून माझ्याशी बोलले.

परत आल्यावरचंही सांगते. आपल्याकडे नोकऱ्या मुंबई, दिल्ली, बंगळुरूकडे जास्त, टीमांचा कायमचा स्टाफ छोटा, सीझनपुरती माणसं जास्त. लीग, ब्रॉडकास्टर, खेळाडू सांभाळणाऱ्या एजन्सी, इव्हेंट कंपन्या असं मिळून काम असतं. वाढ दिसतेय, २०३० चे कॉमनवेल्थ गेम्स अहमदाबादला होणार आहेत, २०२५ मधे क्रीडा प्रशासनाचा नवीन राष्ट्रीय कायदा झाला त्यामुळे संघटनांना कागदपत्रं आणि निवडणुका नीट ठेवाव्या लागतील, तिथे शिकलेली माणसं लागतील असं मला मनापासून वाटतं. पण पहिली दोन वर्षं पगार लहान आणि शनिवार-रविवार कामाचे, हे धरूनच चला. ज्यांना परदेश झेपत नाही त्यांच्यासाठी मुंबईत आणि पुण्यातही कोर्स आहेत, तिथून निघालेली मुलंही याच ऑफिसांमधे माझ्या शेजारी बसतात.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं, मग मुलाला विचारलं, "मग तू त्या टर्फवाल्याकडे कधी जाऊन राहिला?" तो काही बोलला नाही. रविवारी सकाळी त्याचा मेसेज आला, "ताई, वहीत पावसामुळे रद्द झालेले स्लॉट वेगळे लिहायचे का?"

हो, वेगळेच लिही.